पंट रिटर्नर : नवख्याची पहिली परीक्षा

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. अंडाकृती चेंडू, शिरस्त्राणे, खांद्यांवरची कवचे आणि आडदांड खेळाडूंची धडक असा तो खेळ. त्याचे महाविद्यालयीन रूप तेथील अनेक राज्यांत व्यावसायिक लीगहूनही अधिक जिव्हाळ्याचे आहे. ओहायो राज्यातील कोलंबस येथे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या स्टेडियमवर शनिवारच्या सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक जमतात. एवढ्या जनसमुदायासमोर प्रथम वर्षाच्या एखाद्या मुलाला मैदानाच्या एका टोकाला जवळजवळ एकट्याने उभे केले जाते. ती जागा पंट रिटर्नरची.

आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की चौथ्या प्रयत्नाचा जुगार खेळण्याऐवजी संघ बहुधा चेंडू लाथेने उंच व दूर उडवून देतो आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या गोलरेषेपासून लांब ढकलतो. हा पंट. चेंडू चार सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. तेवढ्या अवधीत लाथ मारणाऱ्या संघाचे वेगवान खेळाडू रिटर्नरच्या रोखाने सुटलेले असतात. त्याची नजर मात्र आभाळाकडे. अंगावर येणारे त्याला नीट दिसतही नाहीत. सीमारेषेजवळ उंच झेल टिपणाऱ्या क्रिकेटपटूची आठवण येथे होते खरी, पण त्याला आडवे पाडायला कोणी धावत येत नाही.

रिटर्नरपुढे तीन मार्ग असतात. डोक्यावर हात हलवून ‘फेअर कॅच’ची खूण केली, तर त्याला हात लावता येत नाही, पण मग त्यालाही धावता येत नाही. चेंडू सोडून देता येतो. मात्र तो टप्पे खात आणखी मागे जाण्याची भीती असते. किंवा झेल घेऊन धाव घ्यायची. खरा धोका हाताला लागून निसटलेल्या चेंडूचा. असा चेंडू प्रतिस्पर्ध्याने उचलला की ताबा त्याचाच होतो, आणि तोही रिटर्नरच्या गोलरेषेच्या जवळ. महाविद्यालयीन नियमांत पूर्वी झेल घेणाऱ्याभोवती दोन यार्डांचे संरक्षक अंतर राखावे लागे. २००३च्या मोसमापासून ती सवलत गेली. तेव्हापासून खूण न करता चेंडूखाली उभे राहणे हे अधिकच धारिष्ट्याचे काम झाले.

मग असे काम नवख्याला का द्यायचे? कारण त्यात पाठांतर कमी असते. क्वार्टरबॅक किंवा वाइड रिसीव्हर व्हायचे, तर संघाच्या शेकडो चाली, खुणा आणि बदल मुखोद्गत असावे लागतात, आणि त्यात वर्ष निघून जाते. पंट परतवायला वेग, हात आणि शांत डोके पुरते. १९७२ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा मिळाली, तरी अनेक प्रशिक्षक त्यांना वर्षभर राखून ठेवणे पसंत करीत आले. विद्यार्थ्याला पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. पहिला मोसम राखला, तर तो पुढे उपयोगी पडतो. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही मोसम शाबूत ठेवता येऊ लागला. त्याआधी असा मोकळेपणा नव्हता. नवख्याला मैदानात उतरवणे म्हणजे त्याचे एक वर्ष खर्ची घालणे होते, आणि केवळ काही पंटांसाठी ते घालावे काय, हा प्रश्न प्रशिक्षकाला पडणे स्वाभाविकच होते.

टेड गिन ज्युनियरचा २००४चा मोसम या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर ठरावा. क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये वडील टेड गिन सीनियर हेच त्याचे प्रशिक्षक. मुलगा ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत शालेय स्तरावर देशातील अव्वल धावपटूंपैकी एक होता. फुटबॉलमध्ये त्याचा लौकिक बचावपटूचा, आणि ओहायो स्टेटमध्ये तो आला तोही कॉर्नरबॅक होईल या अपेक्षेने. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांनी मात्र त्याला आक्रमणाच्या बाजूला वळवले.

मोसमाची स्थिती बिकट होती. २००२च्या मोसमात राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ २००४ मध्ये पहिले तीन सामने जिंकून पुढचे तीन सलग हरला. त्यांतल्या विस्कॉन्सिनविरुद्धच्या पराभवात गिनने ६५ यार्डांचा पंट परतवून टचडाउन केला. सामना १३-२४ असा गेला, पण या मुलाला चेंडू मिळाला की काय होते ते दिसले. पेन स्टेटविरुद्ध त्याने ६७ यार्डांची धाव घेतली. मिशिगन स्टेटविरुद्ध तर त्याने तीन टचडाउन तीन वेगळ्या मार्गांनी केले : एक धावून, एक ५८ यार्डांचा पास झेलून आणि एक ६० यार्डांचा पंट परतवून. आमच्या मते खरा बदल येथे दिसतो. तोवर तो चेंडू येईल तेव्हा धावणारा होता; आता त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचावा म्हणून चाली आखल्या जात होत्या.

नोव्हेंबरात मिशिगनशी गाठ पडली. या दोन विद्यापीठांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९९७ मध्ये मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने याच लढतीत ७८ यार्डांचा पंट परतवून ओहायो स्टेटला जखम दिली होती. गिनने २००४ मध्ये ८२ यार्डांची धाव घेतली आणि ओहायो स्टेटने सामना ३७-२१ असा जिंकला. पंधरा पंट, ३८४ यार्ड, चार टचडाउन. सरासरी २५.६ यार्ड. दहा यार्डांची सरासरीही जेथे चांगली मानली जाते, तेथे हा आकडा थक्क करणारा आहे. डिसेंबरात अलामो बाउलमध्ये क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथ निलंबित होता, तेव्हा ट्रेसेल यांनी गिनलाच काही चालींसाठी क्वार्टरबॅकच्या जागी उभे केले. त्याने धावून टचडाउन केला, संघ ३३-७ असा जिंकला.

त्याचे झेल पहिल्या मोसमात २५ होते. २००५ मध्ये ५१ आणि २००६ मध्ये ५९ झाले. परतवलेल्या पंटांवरचे टचडाउन मात्र पुढच्या दोन मोसमांत मिळून दोनच. त्यात नवल नाही, कारण अशा खेळाडूच्या हाती चेंडू पडू नये यासाठी प्रतिस्पर्धी नाना युक्त्या करतात. तरीही कारकिर्दीतील सहा हा बिग टेन गटाचा विक्रम ठरला.

मोठ्या भूमिकेनंतरही परतवण्याचे काम सुटले नाही, आणि त्याचा हिशेब ८ जानेवारी २००७ रोजी झाला. फ्लोरिडाविरुद्धच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात पहिलाच किकऑफ गिनने ९३ यार्ड परतवून टचडाउन केला. जल्लोषात सहकाऱ्यांच्या गराड्यात त्याचा पाय दुखावला आणि उरलेला जवळजवळ सारा सामना त्याने बाहेर बसून पाहिला. ओहायो स्टेट १४-४१ असे हरले.

त्याच वर्षी मायामी डॉल्फिन्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा संघाच्या चाहत्यांनी हुर्यो उडवली. रिसीव्हर म्हणून तो हातून चेंडू सोडतो, ही तक्रार पुढे वाढतच गेली आणि २००९ मध्ये त्याने नियमित जागा गमावली. १ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध तो मुख्यतः किक परतवण्यासाठी उतरला आणि तिसऱ्या सत्रात १०० व १०१ यार्डांच्या दोन धावांनी दोन टचडाउन केले. मायामीने तो सामना ३०-२५ असा जिंकला. गिन त्यानंतरही २०२० पर्यंत व्यावसायिक लीगमध्ये खेळत राहिला. निवृत्ती २०२१ मध्ये.