फाळक्यांच्या काड्यापेटीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत: पडद्यावरच्या चेहऱ्याचा मालक कोण?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात हे कॉम्प्युटरचं खूळ कशाला? पण मंडळी, हा विषय नाशिकमध्ये नाही बोलायचा तर कुठे बोलायचा? नसलेला जीव पडद्यावर उभा करायचा, तो हलवायचा आणि समोर बसलेल्या माणसाला तो खरा वाटायला लावायचा, हा उद्योग आपल्याकडे ज्यांनी जिद्दीने केला ते धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांनी डोळे मिटले तेही नाशिकातच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी. आज यंत्र माणसाचा चेहरा बनवतं, त्याला हसवतं, रडवतं. त्यातून जे प्रश्न निघतात, त्यातले बरेचसे फाळक्यांच्या काळात निघालेले आहेत. काही मात्र खरोखर नवे आहेत. जुने कोणते आणि नवे कोणते, एवढंच आज पाहू.

थोडं मागे जाऊ. फाळक्यांच्याही आधी, १८९०च्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि त्या अशा सफाईने बदलायच्या की पात्र हललं असं वाटावं. पटवर्धन कुटुंब हे खेळ गावोगाव घेऊन फिरलं. त्याहून जुनी परंपरा तळकोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. त्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे निर्जीवाला सजीव करण्याची हौस आपल्याकडे सिनेमाने आणली नाही. सिनेमाने तिला यंत्र दिलं.

आता फाळके. हा माणूस सिनेमाकडे वळायच्या आधी काय काय करून बसला होता बघा. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढचं शिक्षण, गोध्र्यात फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम. आणि जादूचे प्रयोग! आडनावाची अक्षरं उलटी करून 'प्रोफेसर केळफा'. १९११ साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे कधी दिसतील, या विचाराने ते पेटले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. पण पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर झरझर दिसली. लोक थक्क झाले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली.

पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडेपेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार धरतात. आपल्याकडच्या ॲनिमेशनच्या पहिल्या धड्यांपैकी हा एक. यामागचा हिशोब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी. म्हणजे एका मिनिटाला ९६०. प्रत्येक चौकटीसाठी काडी जराशी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचं, पुन्हा काडी सरकवायची. पडद्यावर जे 'आपोआप' दिसतं, त्याच्यामागे कुणाचा तरी हात शेकडो वेळा गेलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण फाळक्यांच्या सिनेमात असे न दिसणारे हात फार. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत, ती धुवत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. 'राजा हरिश्चंद्र'ची तारामती कोण? स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये महिन्यावर काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी पंधरा रुपयांवर आणलं. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लोकांनी जी तारामती पाहिली, ती साळुंके होती. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. म्हणजे पडद्यावरचा चेहरा आणि त्यामागचा माणूस वेगळे असणं, यात नवं काहीच नाही.

पण आता खरी गंमत सांगतो. १९१९ सालचा 'कालिया मर्दन'. तोवर फाळके नाशकात स्थिरावले होते आणि १९१८ पासून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचं काम इथून चालत होतं. या चित्रपटात बाळकृष्ण झाली फाळक्यांची लेक, मंदाकिनी. वय सात वर्षांच्या आसपास. आता चित्रपट सुरू कसा होतो? कृष्णापासून नाही. आधी साध्या वेशातली मंदाकिनी दिसते. ती वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग त्याच मुलीचं रूपांतर आपल्या डोळ्यांदेखत कृष्णात होतं. फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात, ही माझी मुलगी, आता ती कृष्ण होणार आहे, बघा. एवढंच नाही, 'चित्रपट कसे तयार करतात' असा एक लघुपटच त्यांनी काढला. म्हणजे जादूगाराने पेटीचा चोरकप्पा उघडून दाखवला! आणि तरीही प्रेक्षकांची भक्ती तसूभर कमी झाली नाही. कसब कळल्याने कृष्णाचं काही बिघडलं नाही.

आता चाळीस वर्षं पुढे या. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्ने स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी आपल्या तरुणांना ॲनिमेशनचं शास्त्रशुद्ध शिक्षण दिलं. त्यात राम मोहन होते. पुढे १९९२ साली जपानच्या युगो साको यांच्याबरोबर जो रामायणपट झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे सगळं हाताने काढलेलं काम. मुख्य चित्रकार दोन टोकांच्या अवस्था काढतो आणि मधली शेकडो चित्रं इतर लोक भरतात. मग २०१४ साली रजनीकांत यांचा 'कोचाडैयान' आला. नटाच्या अंगावर खुणा लावायच्या, हालचाल संगणकाने टिपायची आणि ती संगणकातल्या पुतळ्याला द्यायची. पुतळा संगणकाचा, पण चालणं माणसाचं. इथपर्यंत साखळी तुटलेली नाही. पटवर्धनांची काच असो की रजनीकांतची चाल, त्यामागचा माणूस बोट दाखवून सांगता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने इथे फरक केला. ही यंत्रं कशी चालतात? त्यांना प्रचंड संख्येने चित्रं आणि चलचित्रं दाखवली जातात. डोळा कसा असतो, ओठ कसे हलतात, साडीची घडी कशी पडते, याचे नमुने ती आकड्यांच्या रूपात साठवतात. मग तुम्ही शब्दांत सांगता, 'रथात बसलेला योद्धा, संध्याकाळचा उजेड' आणि यंत्र निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने ते चित्र घडवतं. इथेही 'आपोआप' झालं असं वाटतं. पण मघाचं वाक्य आठवा. हात इथेही गेलेले आहेत. फक्त ते लाखो आहेत, बहुतेकांना विचारलेलं नाही आणि त्यांची नावं कुठल्याही श्रेयनामावलीत येत नाहीत.

हे आता लांबचं राहिलेलं नाही. २०२५च्या ऑक्टोबरात जिओहॉटस्टारवर कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली 'महाभारत: एक धर्मयुद्ध' ही मालिका आली. म्हणजे पहिला मान पुन्हा पुराणकथेलाच, फाळक्यांच्या वेळेसारखा. त्याच वर्षी 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती या तंत्राने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ कथेत मरणारा नायक जिवंत झाला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष, दोघांनीही त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. आणि मुंबई उच्च न्यायालयाला त्याच वर्षी आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याला अंतरिम मनाई करावी लागली. अण्णा साळुंके यांना निदान पंधरा रुपये तरी मिळत होते. इथे नटाचा चेहरा आणि गायिकेचा गळा तिच्यावाचून कामाला लागू शकतो.

आणखी एक नुकसान आहे, ते चटकन दिसत नाही. रविवर्म्यांच्या छापील चित्रांनी देवांचे चेहरे घरोघर ठरवून टाकले. फाळके त्याच छापखान्यात काम करून आलेले, त्यांच्या पडद्यावरही ते चेहरे आले. यंत्र जे सर्वांत जास्त पाहतं त्याकडे झुकतं. मग पुन्हा तेच कॅलेंडरचे चेहरे, अधिक गुळगुळीत. पिंगुळीच्या चित्रकथीतला टपोऱ्या डोळ्यांचा राम इंटरनेटवर असा कितीसा असणार? जो तिथे थोडा, तो यंत्राच्या लेखी जवळपास नाहीच.

आता नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. फाळक्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट केले, असं सांगितलं जातं. त्यातले बहुतेक नाहीसे झाले. ती फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी, नाही पेटली तर सडणारी. आज ना उद्या कुणीतरी म्हणणारच, यंत्राकडून हरवलेली रिळं परत बनवून घेऊ. साळुंके यांचे फोटो आहेत, कथा माहीत आहे, अडचण काय? मोह मोठा आहे. मला स्वतःला 'मोहिनी भस्मासुर' पाहायला मिळाला तर नको आहे का? कमलाबाई गोखले आणि दुर्गाबाई कामत पहिल्यांदा पडद्यावर आल्या, तो क्षण कुणाला पाहावासा वाटणार नाही?

पण तो तो क्षण नसेल. कमलाबाईंनी त्या दिवशी मान कशी वळवली, हे यंत्राला ठाऊक नाही. ते सरासरीने वळवेल. आणि पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी त्याच तुकड्यावरून १९१३ सालच्या अभिनयावर प्रबंध लिहील. हरवलेली वस्तू हरवली आहे, एवढं तरी आज आपल्याला माहीत आहे. बनावट भर घातली की तेही ज्ञान जातं.

म्हणून तंत्र नको असं मी म्हणत नाही. फाळके आज असते तर त्यांनी हे यंत्र पहिल्या आठवड्यात उघडून पाहिलं असतं, याची मला खात्री आहे. नवी गोष्ट नव्या नावाने जरूर करा. पण तीन पथ्यं पाळा. एक, यंत्राने केलं आहे हे पडद्यावर सांगा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा ओळखखुणेच्या नियमांचा मसुदा मांडला, त्याची दिशा हीच होती. दोन, ज्याचा चेहरा, आवाज, चित्रं वापरता, त्याला विचारा आणि मोबदला द्या. तीन, जुन्या कलाकृतीला हात लावाल तर मूळ प्रत शाबूत ठेवा आणि भर कुठली ते वेगळं दाखवा.

कुणी म्हणेल, असं सांगितलं तर रसभंग होईल. त्यांनी 'कालिया मर्दन' पाहावा. त्याचा बराचसा भाग सुदैवाने टिकला आहे. आधी मुलगी दिसते, मग कृष्ण दिसतो आणि कालियाच्या फण्यावर तो नाचायला लागला की मुलगी विसरायला होतं. हे शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे, नाशिकचं आहे.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत जुन्या फिल्म, काचेच्या निगेटिव्ह, कंपनीच्या काळातले फोटो असतील तर टाकून देऊ नका. जाणकारांना दाखवा, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. खरा एक तुकडा सापडला, तर त्याची सर कुठल्याच यंत्राला येणार नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.