अडगळीतल्या संगणकाला घरातच नोकरी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. २०१५ मध्ये आलेल्या या प्रणालीवर चालणारे संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. मात्र विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर ज्यांच्यात नाही, त्यांची पुढची वाट अधिकृतपणे खुंटली. माळ्यावर, पलंगाखाली किंवा जिन्याखालच्या कपाटात पडून असलेल्या यंत्रांमध्ये त्यामुळे आणखी भर पडली आहे. यांतील पुष्कळ यंत्रे धडधाकट आहेत. भंगारात त्यांचे मोल फारसे येत नाही आणि टाकून देणे जिवावर येते. अशा यंत्राचा घरगुती सर्व्हर करता येतो, हे आता अनेकांच्या कानावर आलेले असते. अडचण पुढे येते, ती म्हणजे या सर्व्हरला काम कोणते द्यायचे?

सर्व्हर हा शब्द उगाचच धाक दाखवतो. ते यंत्राच्या एखाद्या खास जातीचे नाव नसून यंत्राने स्वीकारलेल्या भूमिकेचे नाव आहे. इतर यंत्रांनी मागावे आणि याने द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. जगातील पहिला वेब सर्व्हर १९९० मध्ये जीनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर सुरू झाला. हा संगणक सर्व्हर आहे, तो बंद करू नये, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. घरातील सर्व्हरलाही पुष्कळदा तेवढ्याच व्यवस्थेची गरज असते.

या छंदात नव्याने पडणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे एकाच रविवारी दहा गोष्टी बसवणे. महिन्याभराने त्यातील आठ कोणी वापरत नाही, नववी बिघडलेली असते आणि विजेच्या बिलावरून घरात कुरबुर सुरू होते. म्हणून काम आधी ठरवावे आणि ते घरातल्या खऱ्या गरजेतून यावे. बहुतेक घरांत अशी एक गरज हमखास सापडते, ती म्हणजे छायाचित्रांची.

फोटो कोठे आहेत?

लग्न, बारसे, सहली, आजी-आजोबांची अखेरची वर्षे हे सारे आज चार-पाच मोबाइल फोनमध्ये विखुरलेले असते. गुगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि तेव्हापासून नवे फोटो १५ जीबीच्या सामायिक मोफत मर्यादेत मोजले जातात. मर्यादा भरली की पैसे भरणे किंवा जुने पुसणे एवढेच मार्ग उरतात. फोन हरवला, पाण्यात पडला, तर काही वर्षांचा कौटुंबिक इतिहास एका क्षणात जातो. जुन्या संगणकाला देण्याजोगे पहिले काम हेच.

सर्वांत साधी पद्धत म्हणजे डेबियनसारखी मोफत लिनक्स प्रणाली आणि त्यावर सांबा. १९९२ पासून विकसित होत आलेल्या या सॉफ्टवेअरमुळे लिनक्स यंत्रावरील फोल्डर विंडोजच्या संगणकाला शेजारच्या ड्राइव्हसारखा दिसतो. यासाठी २ जीबी रॅमही पुरते. फोनमधील फोटो आपोआप उतरवून घेणे, तारखेनुसार लावणे, चेहरे ओळखणे अशा सोयी हव्या असतील तर इमिच हे सॉफ्टवेअर आहे. मात्र त्याला ६ ते ८ जीबी रॅम द्यावी लागते. फोटोंबरोबर कागदपत्रे, दिनदर्शिका आणि संपर्क-यादीही ठेवायची असल्यास २०१६ मध्ये सुरू झालेले नेक्स्टक्लाउड उपयोगी पडते. तीन माणसांच्या घराला बहुधा त्यातील निम्म्या सोयींचीही गरज नसते, हे मात्र बसवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

येथे एक घोटाळा होतो आणि तो महागात पडतो. फोटो सर्व्हरवर उतरवले, फोनमधून पुसले आणि बॅकअप झाला असे मानले, की पूर्वी फोनमध्ये असलेली एकुलती एक प्रत आता दहा वर्षे जुन्या हार्ड डिस्कवर गेलेली असते. धोका कमी न होता वाढतो. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद, म्हणजे स्मार्ट, तपासताना पहिली स्कॅन-त्रुटी आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता तशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशांकांत आधी कोणताही इशारा दिला नव्हता. म्हणजे नोंद वाईट असेल तर डिस्क तत्काळ बदलावी. नोंद चांगली असली तरी निर्धास्त राहू नये.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम याच अनुभवातून आलेला आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातील एक घराबाहेर. जुना संगणक यातील एक प्रत सांभाळतो. दुसरी एखाद्या सुट्या यूएसबी डिस्कवर घेऊन ती एरवी काढून ठेवावी आणि तिसरी भावाकडे, बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी. संगणकात खर्च करायचाच असेल तर तो नव्या डिस्कवर करावा. प्रोसेसर जुना असला तरी चालतो. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिणारी रेड ही पद्धत डिस्क बिघडल्यास वाचवते, पण चुकून पुसलेला फोल्डर ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसते. सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरचेही तेच.

विजेचा हिशेब

जुना डेस्कटॉप संगणक काही न करता नुसता सुरू असतानाही साधारण ५० ते ६० वॉट वीज घेऊ शकतो. ६० वॉट धरल्यास चोवीस तास चालणारे यंत्र वर्षाला सुमारे ५२६ युनिट वापरते. युनिटला ८ रुपये धरले तर हा खर्च ४,२०० रुपयांवर जातो. काही वर्षांत तेवढ्या पैशांत नवे, कमी विजेवर चालणारे छोटे यंत्र येईल. ‘फुकटचा’ सर्व्हर तो हाच.

याला उपाय दोन. पहिला, डेस्कटॉपऐवजी जुना लॅपटॉप वापरणे. पडदा बंद ठेवल्यास अनेक लॅपटॉप १० ते १५ वॉटवर चालतात आणि वीज गेली तर बॅटरीच यूपीएसचे काम करते. बॅटरी फुगलेली असेल, तर मात्र ती काढल्याशिवाय यंत्र अजिबात सुरू ठेवू नये. दुसरा उपाय फारसा सुचवला जात नाही, पण तो अधिक शहाणपणाचा आहे. सर्व्हर सदासर्वकाळ चालूच असला पाहिजे असे नाही. फोटोंचा बॅकअप रात्री दोन तासांत होतो. अनेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक वेळी यंत्र आपोआप सुरू करण्याची सोय असते आणि काम झाल्यावर ते बंद करण्याची आज्ञा लिनक्समध्ये देता येते. रोज दोनच तास चालल्यास तोच ६० वॉटचा संगणक वर्षाला ४४ युनिटच्या आत राहतो, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या ५ वॉटच्या चिमुकल्या यंत्राइतकाच.

इतर कामे

बाकीची कामे या हिशेबाच्या कसोटीवर पाहावीत. पाय-होल हे सॉफ्टवेअर घरातील सर्व उपकरणांवरील बऱ्याच जाहिराती आणि मागोवा घेणारे दुवे नाव-शोधाच्या पातळीवरच अडवते. काम उपयुक्त आहे. पण यंत्र अखंड चालू हवे, नाहीतर सर्व्हर बंद पडताच घरातले इंटरनेटच बंद पडल्यासारखे होते. शिवाय यूट्यूबच्या जाहिराती त्याने थांबत नाहीत, कारण त्या चित्रफितींच्याच पत्त्यांवरून येतात. स्वतःकडील चित्रफिती आणि गाणी घरातील टीव्हीवर दाखवण्यासाठी जेलीफिन चांगले आहे. त्यातही नव्या फोनवरील एचईव्हीसी प्रकारच्या चित्रफिती जुन्या प्रोसेसरला चालता चालता दुसऱ्या रूपात बदलणे झेपत नाही. टीव्हीला तोच प्रकार थेट वाचता येत असेल तरच हा बेत करावा.

शाळकरी मुले असलेल्या घरात किंवा जोडणी बेभरवशाची असलेल्या गावातील वाचनालयात किविक्स मोलाचे ठरते. संपूर्ण विकिपीडिया, मराठीसुद्धा, एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय वायफायवरून वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी आवृत्तीला १०० जीबीच्या घरात जागा लागते, मराठीला त्या मानाने फारच कमी.

घराबाहेरून सर्व्हर गाठण्याचा मोह टाळावा, निदान सुरुवातीला. अनेक इंटरनेट सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देत असल्याने तो थेट गाठता येतच नाही. येत असेल, तर राउटरमध्ये दार उघडून ठेवणे धोक्याचे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजच्या फाइल-वाटप व्यवस्थेतील त्रुटीतूनच शिरला होता. बाहेरून प्रवेश हवाच असेल तर वायरगार्ड किंवा त्यावर आधारलेल्या टेलस्केलसारख्या खासगी मार्गानेच घ्यावा. यंत्रावर जुनी, आधार संपलेली विंडोज तशीच ठेवून सर्व्हर करणे हे तर दाराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखे आहे.

काही यंत्रे मात्र सोडून द्यावीत. ३२ बिट प्रोसेसरच्या संगणकांसाठी डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून स्वतंत्र प्रतिष्ठापना देणे थांबवले आहे. अशी यंत्रे डिस्क पूर्ण पुसून नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनाही तेच अभिप्रेत आहे.

सर्व्हर उभा राहिला की दोन कामे उरतात. दर काही महिन्यांनी बॅकअपमधून चार-दोन फोटो परत काढून ते उघडतात का, हे पाहावे. आणि एका कागदावर यंत्र कोठे आहे, पासवर्ड काय, सुटी डिस्क कोणाकडे आहे, हे साध्या मराठीत लिहून तो कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर कपाटात ठेवावा. ज्याने हे सारे जोडले तो परगावी असला किंवा आजारी पडला, तर फोटो शोधणाऱ्या घरातील इतरांच्या हाती दुसरे काहीच नसते.