दिनविशेष : १८ जून – आहारशास्त्रज्ञ कमला सोहोनी

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचा जन्म १८ जून १९११ रोजी झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी हाती असूनही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. १९३३ मध्ये तो मिळाला, पण अपमानास्पद अटींवर. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असा प्रवास करून त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या.

नीरेवरील संशोधन हे त्यांचे सर्वांत लोकोपयोगी काम. मालवण किनाऱ्याला हा रस परका नाही. माडाची पोय छेदून आत चुना फासलेल्या मडक्यात तो धरतात आणि पहाटेच उतरवतात. उन्हात राहिला की आंबून त्याची माडी होते. ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असते, गूळ केल्यावरही ते टिकते, असे सोहोनींना आढळले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांचा सल्ला लाभला. पुढे ग्राहक चळवळीत त्या रमल्या, अन्नभेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.