शाळेबाहेरची मुलं: कोसबाड ते जुन्नर

धाकटं भावंडं सांभाळायला घरात कोणी नसेल तर शाळा सुटते ती बहुतेक वेळा मोठ्या बहिणीची. ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला गेलं. तिथे त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. धाकट्याला पाळणाघरात सोडून बहीण वर्गात बसू शकली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली.

आता जुन्नर-आंबेगावात या. इथे विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा जास्त कामगार स्त्रिया असल्या की ती लागू होत असे. पण ऊस तोडतात फडात, आणि फड म्हणजे कारखाना नव्हे! टोळीतली मुलं कोपीपाशी नाहीतर फडाच्या कडेला. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं देते.

म्हणून इथलं पाळणाघर मी आधी घड्याळावरून तपासेन, खेळणी अन् तक्ते नंतर. टोळी पहाटे अंधारात निघते. दहा ते पाचची सोय तिच्या काय कामाची? जागा कोप्यांजवळ हवी, दार लागणारी. आणि वयाची अट नको. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. नऊ वर्षांची मुलगी शाळा सुटली की पुन्हा कोपीवर, कडेवर भाऊ, आई यायला अजून अवकाश.