सुताराने वाद्य करावे काय? : एका जुन्या खटल्याची हकीकत

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आपल्या कुलपरंपरेचे गुणगान पुन्हा एकवार करण्याचा मोह आम्हांस झाला नाही असे नाही. परंतु ते कार्य आमच्याहून अधिकारी लेखण्यांनी याच पृष्ठांवर अनेकदा केलेले आहे. म्हणून आज एका परदेशस्थ सुताराची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो आपल्या ज्ञातीचा नव्हे. पण रंधा आणि पटाशी ज्याच्या हाती आली, त्याचे दुःख आपणांस परके वाटू नये.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन नावाचे एक लहानसे गाव आहे. शेजारच्या बोहेमियातून धर्मच्छळामुळे परागंदा झालेले व्हायोलिनचे कारागीर तेथे येऊन स्थायिक झाले आणि १६७७ साली त्यांच्यातील बारा जणांनी आपला संघ स्थापन केला. आपल्या प्राचीन ग्रंथांत ज्यांस 'श्रेणी' म्हटले आहे, तशाच या संस्था असत. कोणता जिन्नस कोणी करावा आणि कोणी करू नये, हे त्यांच्या नियमांनी ठरे. गावात लाकूडसामान करणाऱ्या सुतारांचाही असाच स्वतंत्र संघ होता. योहान गेऑर्ग मार्टिन हा त्यांपैकी एक. त्याचा मुलगा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचा जन्म ३१ जानेवारी १७९६ रोजी झाला. हा मुलगा व्हिएन्ना येथे योहान गेऑर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या कारखान्यात काम करून गावी परतला आणि गिटारी करू लागला.

येथेच कलहाचे बीज पडले. सुतार वाद्ये करू लागले, अशी तक्रार व्हायोलिनवाल्यांनी १८२६ साली केली व १८३२ साली पुन्हा तेच प्रकरण उभे केले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आम्ही कलावंत, आमच्या कामास संस्कारलेली अभिरुची लागते. सुतार हे केवळ हातकामी, त्यांनी खुर्च्या आणि स्टुले करावीत. आमच्या विद्यार्थिदशेत आमच्या एका निबंधावर, लाकूड तासणाऱ्याच्या घरात ही भाषा कोठून आली, असा शेरा एका गुरुजींनी दिला होता. त्यामुळे हा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो नवा वाटला नाही.

सुतारांनी दिलेले उत्तर मात्र मासलेवाईक आहे. तुमच्या संघाचे नियम १६७७ चे. गिटार आपल्या प्रांतात येऊन पुरती चाळीस वर्षेही झालेली नाहीत. जे वाद्य तेव्हा तुम्हांस ठाऊकच नव्हते, त्यावर तुमचा वतनी हक्क कसा? मार्टिन व्हिएन्नाच्या कारखान्यात मुकादम होता आणि त्याच्या गिटारींत गुणाने वा रूपाने काही उणे नाही, अशी साक्ष एका घाऊक व्यापाऱ्याने दिली. निकाल सुतारांच्या बाजूने लागला.

तथापि खटला जिंकूनही मार्टिन गावात राहिला नाही. १८३३ च्या सप्टेंबरात तो कुटुंबासह निघाला व नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरला. तेथे त्याने वाद्यांचे दुकान थाटले. पण त्याचे मन त्या शहरात रमले नाही. त्याचा जुना मित्र हाइनरिख शात्झ पेनसिल्व्हेनियात नाझरेथजवळ राहत होता. तो डोंगराळ मुलूख, आणि वस्ती जर्मन बोलणारी. १८३९ च्या सुमारास मार्टिनने तेथेच बिऱ्हाड नेले.

आता त्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांस त्यातील खुबी इतरांहून लवकर कळेल. गिटारीच्या दर्शनी बाजूची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. ती रंधून अडीच-तीन मिलिमीटर जाडीवर आणावी लागते. जाड राहिली तर वाद्य मुके होते. फार पातळ केली तर तारांच्या ओढीने तिला फुगवटा येतो. बाजूच्या पट्ट्या त्याहूनही पातळ. त्या भिजवून तापल्या लोखंडावर हलके हलके वाकवावयाच्या. जोड जुन्या काळी सारा सरसाचा. फळीला आतून आधाराच्या काठ्या चिकटवितात. त्या ज्याला साधल्या त्याला गिटार साधली. पूर्वी या काठ्या आडव्या शिडीसारख्या बसवीत. मार्टिनच्या कारखान्यात १८४० नंतरच्या दशकात दोन काठ्या फुलीसारख्या तिरक्या बसविण्याची रीत आली. जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे दोन्हींना अर्धी अर्धी खाच. त्या काळी तारा आतड्याच्या असत. पुढे विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या आणि फळीवरील ओढ सत्तर-ऐंशी किलोवर गेली, तरीही हीच फुली तो भार पेलून राहिली. हा हिशेब खुर्चीचे पाय आणि पलंगाच्या गाती बसविणाऱ्याचा नव्हे काय?

मार्टिन १८७३ साली वारला. त्याचा कारखाना नाझरेथमध्ये आजही चालू असून २००४ साली त्याने दहा लाखावी गिटार पुरी केली.

व्हायोलिनवाल्यांना आम्ही सरसकट दोष देणार नाही. निर्वासितांच्या वंशजांना हातचा धंदा जाण्याचे भय वाटले, इतकेच. आणि खरे सांगावयाचे तर, आमच्या तरुणपणी अशाच एका सभेत परज्ञातीच्या मुलांस आपले काम शिकवू नये असा ठराव आला होता. तेव्हा आम्हीही हात वर केला होता. तो हात आज आठवतो.

गिटारीची पाठ व बाजू यांसाठी मार्टिनचा कारखाना ब्राझीलची शिसव वापरीत असे. तिचा पुरवठा आटल्यावर १९६९ साली त्याने हिंदुस्थानी शिसव घेतली. आपल्या सह्याद्रीत वाढते तीच ही जात. आमचे वडील शिसवीची फळी विकत घेण्यापूर्वी ती एका टोकाला उचलून धरीत आणि बोटाच्या पेराने वाजवून कान देत. करावयाचा असे देव्हारा किंवा पेटी. मग तिचा नाद कशासाठी पाहता, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही.