वाळणकोंडचे महसीर आणि खवल्यांचा अभ्यास

महाड तालुक्यात सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे असून डोहातले महसीर देवीचे मानले जातात. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळे टाकत नाही. भाविकांनी चुरमुरे टाकले की काळसर पाठीचे मोठे मासे वर येतात आणि त्यांच्या अंगावरचे दोन-दोन बोटे रुंद खवले काठावरूनही दिसतात. सह्याद्रीतल्या अनेक नद्यांत असा मोठा मासा आता क्वचितच आढळतो. इथे तो टिकला याचे श्रेय या रिवाजालाच द्यायला हवे.

दख्खनच्या या महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे भागातल्या नद्यांतील माशांवरून केले. मासा ओळखताना खवले मोजण्याची जुनी पद्धत इथेही कामी येते. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेवर महसीराला जेमतेम पंचवीस-सत्तावीस खवले असतात. मोजणी बिनचूक ठरते, कारण एकदा अंग झाकले गेले की खवल्यांची संख्या बदलत नाही. मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेने वाढतो. १८९८ मध्ये जर्मनीत हॉफबावर यांनी कार्प माशाच्या खवल्यावरील वलयांवरून वय काढून दाखवले, ते याच वाढीच्या आधारावर.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र एकही खवला नसतो. महाराष्ट्रात महसीराच्या या कोवळ्या अवस्थांचा पाया घालणारा अभ्यास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केला आणि तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लोणावळ्याला टाटांच्या जलाशयांवर कृत्रिम प्रजनन सुरू झाले. अंडी पिवळसर आणि जड, तळाशी बसणारी. साधारण तीन दिवसांत ती फुटतात. मग पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन पिल्ले उजेड टाळत कोपऱ्यात निपचित पडून राहतात. मत्स्यजिरे ते बोटुकली या प्रवासात त्यांचे अंग झाकले जाते.

खवला कातडीच्या आतल्या थरात तयार होतो. तिथे पेशी एकवटतात, त्यांतून पातळ चकती घडते आणि तिची मागची कड शेपटीकडच्या खवल्यावर कौलासारखी चढते. बहुतेक हाडाळ माशांत सुरुवात शेपटीच्या देठाजवळ, पार्श्वरेषेच्या आसपास होते. तिथून ओळी पुढे, वर आणि खाली पसरतात. पोट आणि मानेकडचा भाग शेवटी झाकला जातो. समुद्री माशांतही बहुधा हाच क्रम दिसतो. त्यांची उघड्या अंगाची पिल्ले आधी पाण्याबरोबर वाहत असतात आणि खवले साधारणपणे किनाऱ्याशी किंवा तळाशी स्थिरावण्याच्या सुमारास येतात. बोय माशात तर लहानपणी गुळगुळीत असलेल्या खवल्यांच्या कडेला पुढे बारीक दाते फुटतात. हे दाते सोडले, तर खाडीत शिरणारा बोय आणि डोहातला महसीर यांच्या खवल्यांचा क्रम बहुधा सारखाच आहे.

वाळणकोंडच्या रिवाजाची मर्यादाही पिल्लांच्या या उघड्या अवस्थेवरून कळते. डोह राखतो मोठ्या माशांना. अंड्यांना आणि खवले न फुटलेल्या पिल्लांना मात्र गोट्यांमधले वाहते, स्वच्छ पाणी लागते, आणि ते डोहाच्या वर-खाली पसरलेले असते. नदीतले गोटे-वाळू उपसली गेली किंवा पाणी गढूळ झाले, तर जुने मासे डोहात सुरक्षित असूनही त्यांच्यामागे नवी पिढी तयार होत नाही.