हात आधी, तोंड मागून

शुक्राची चांदणी वर आलीय आणि तुम्ही एका माळवदाच्या घरात, सोप्याच्या कोपऱ्यात गारठून बसलाय. चिमणीच्या उजेडात दोन बायका जात्याशी समोरासमोर बसल्यात, एकेक पाय पसरून. सासू आणि सून. सून पंधराची असेल. दोघींचे हात एकाच खुंट्यावर वरखाली धरलेले. त्यांना तुम्ही दिसत नाही, ते बरंच आहे. या वेळी या जागी बाहेरच्या माणसाचं काही काम नसतं.

साल १९४९, महिना माघ. निजामाचं राज्य जाऊन पाच महिने होत आलेत, पण बाजारात अजून हाली शिक्काच चालतो. गाव गंगेकाठचं. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. बैलगाडी जुंपली तर दुपारपर्यंत गंगाखेड गाठता येतं. ते संत जनाबाईचं गाव, त्यामुळे इथल्या बायकांच्या हिशेबी जनी ही आपल्याच शिवारातली लेक. लहानपणीच ती पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी कामाला गेली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून एक जातं दाखवतात. सासू त्याला हात लावून आलीय. तेव्हापासून दळायला बसली की ती देवाच्या आधी जनीला हाक मारते.

नीट बघा. सून डाव्या हातानं सुपातली मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकते. घास पडला की दगड जड होतो, खुंटा ओढताना दोघी पुढे झुकतात आणि आवाज खाली उतरतो. चार-दोन फेऱ्यांत दाणा फुटतो, दगड हलका होतो, तसा आवाज वर चढतो. सासू पहिली ओळ म्हणते, सून उचलते. सासू तीच ओळ पुन्हा म्हणते. तुम्हाला वाटतं, गोडी लागलीय म्हणून. तसं नाही. दुसरी ओळ अजून जुळायचीय, तोवर पहिलीवरच हात फिरवत राहायचं. मध्ये ‘गं’, ‘बाई’, ‘सांगते’ असली भरती टाकली की तेवढाच दम खायला मिळतो.

इथे शिकवणं असं काही नाहीच. सून चुकली तरी सासू थांबत नाही, दगडही थांबत नाही. सुनेला ओवी आवडते का, हे कुणी विचारलेलं नाही. झोप उडावी, हात चालावा, एवढ्यासाठी ती गाते. आणि अजून एका गोष्टीसाठी. आता तिनं माहेरच्या भावाची ओवी धरलीय. भाऊ न्यायला येत नाही, कारण इथलं माणूस कडू आहे, असा तिचा रोख. ते कडू माणूस समोर बसून त्याच खुंट्याला हात लावून दळतंय. तोंडावर म्हटलं असतं तर थोबाडीत बसली असती. जात्यावर म्हटलं म्हणून सासूनं नुसता घास जरा मोठा टाकला.

आता पुढे चला. १९७३. मधली वर्षं पळत पळत ओलांडा. त्यातलं ७२चं मात्र ओलांडवत नाही. त्या साली मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याच साली पाऊस गेला. बायका खडी फोडायला दुष्काळी कामावर गेल्या. आता जरा सावरलंय. गावच्या वेशीजवळ पत्र्याच्या खोपटात डिझेलवर चालणारी गिरणी आलीय. तिची ‘पुक पुक’ शिवारापर्यंत ऐकू येते. सून आता चाळिशीच्या घरात. सासू नाही. सून डोक्यावर डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभी आहे. हायब्रीडच्या भाकरीला चव नाही, यावर रांगेत सगळ्यांचं एकमत आहे.

जातं कोपऱ्यात गेलंय. डाळ भरडायला आणि लग्नाची हळद दळायला तेवढं बाहेर निघतं. शहरात बसून या गोष्टीवर उसासे टाकणारे लोक मला कधी पटले नाहीत. पहाटे उठून रोज घरादाराचं दळण ज्यांनी ओढलं, त्या बायकांची पाठ त्यांना विचारा. गिरणी आली तेव्हा कुणी रडलं नाही. घटकाभर झोप जास्त मिळाली. ओवी त्या झोपेखाली गेली, आणि गेली हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ असं म्हणतात. बसणंच संपलं, तर सुचणार कुठून?

तिसरा मुक्काम १९९६. आता तुम्ही सगळ्यांना दिसताय, हातात वहीही आहे. पुण्याहून आलेल्या लोकांबरोबर तुम्ही बसलाय. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच होऊन गेलेले गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांबरोबर काम करता करता ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. ते काम वाढत मराठवाड्यात आलं. बर्नार्ड बेल नावाचे संगीताचे अभ्यासक ध्वनिमुद्रणाला येऊन मिळाले. याच परभणी जिल्ह्यात ताडकळसला रामायणातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या मुद्रित झाल्या, शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या. मिळून एक लाखाच्या वर ओव्या, हजारावर गावांमधून. आकडा मोठाच आहे. पण तुमच्यासमोर सध्या एकच म्हातारी आहे, ४९ सालची तीच सून, आणि ती गायला तयार नाही.

“आता काय ऱ्हायलंय, माय? समदं इसरले.”

दहावीची परीक्षा दिलेली नात पुढे होते. “आज्ये, मला शिकिव.”

म्हातारी तिच्याकडे जराशी संशयानंच बघते. मग जातं ओढून आणायला सांगते. खुंटा ढिला झालाय, त्याला चिंधी गुंडाळून ठोकून बसवतात. मधली मेख तपासतात. पाळूला टाकी लावून किती वर्षं झाली, कुणालाच आठवत नाही. शेरभर ज्वारी येते. नात बसते आणि लगेच जोरात फिरवायला लागते, गाणंही तितक्याच जोरात.

“थांब. हात आधी, तोंड मागून.”

थांब! १९४९ साली हा शब्द या जात्यावर निघाला नव्हता. आता निघाला आणि सगळंच बदललं. थांबल्यावर सांगावं लागतं. कुठे ओढायचं, कुठे सोडायचं, पहिली ओळ दोनदा का म्हणायची, मधला ‘गं’ कुठे टाकायचा. म्हातारी एक ओळ म्हणून दाखवते आणि मध्येच गप्प होते. हे आपण असं का म्हणतो, याचा तिला स्वतःलाच पत्ता नाही. पुन्हा म्हणून बघते. हात दूर जातो तिथे अक्षर लांबतं, जवळ येतो तिथे तुटतं. “आगं, हे दगडाच्या चालीवर हाय की!” हे ती नातीला सांगत नाही, स्वतःलाच सांगते.

टेप उलटी फिरवून तिला ऐकवतात. पदर तोंडाशी धरून ती ऐकते. दर फेरीला दम एकाच जागी तुटतोय, हे तिला दिसतं. “इतकी वरसं गायले, पर ऐकलं आजच.” दळताना दगड घरघरायचा, मनात घरचे हिशेब चालायचे, समोर सासू असायची. स्वतःचा गळा ऐकायला मोकळं कोण होतं? आता पिठाची कुणाला घाई नाही आणि शिकणारी पोर दर ओळीला ‘पुन्हा’ म्हणते. म्हातारीला एकापाठोपाठ एक आठवत जातं. भावाची, पंढरीची, सीतेची. सासूच्या नावची एक आठवते तेव्हा ती खो खो हसते आणि तुम्हाला सांगते, “ही टेपीत घालू नका.” मग स्वतःच म्हणून टाकते.

तुमच्या वहीची पानं संपत आलीत. नात आता भावाची ओवी घेते आणि मध्येच भावाच्या घोड्याच्या जागी एसटी घालते. तुम्ही लिहिता लिहिता थांबता, कारण आजीनं सांगितलेलं हे नाही. पुण्याच्या लोकांमध्येही चुळबुळ होते.

म्हातारी म्हणते, “म्हणू द्या तिला. मपल्या सासूच्या ओवीत भाऊ पायी यायचा. घोड्यावर म्या बसिवला.”

नात ओळ पुरी करते, पण घास टाकायचं विसरते. दगडावर दगड घासल्याचा करकर आवाज येतो. म्हातारी खुंट्यावरचा तिचा हात धरून जातं थांबवते, वाकून पिठाची चिमूट बोटांत चोळून बघते.

“भरडच निघाली. म्हशीला घाला. आन् दुसरा शेर आना.”